जुना म्युझिक प्लेअर दुरुस्त करावा की नवीनच घ्यावा? सल्ला हवाय

सांजसूर:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे हार्ड डिस्कवाला जुना म्युझिक प्लेअर आहे, २००७ मध्ये घेतलेला, ३० जीबीचा. इतकी वर्षं जवळजवळ रोज वापरलाय. दोन महिन्यांपासून मात्र त्याचं काहीतरी बिनसलंय. गाणं चालू असताना एकदम बंद पडतो आणि आपला आपणच परत चालू होतो, उजव्या कानात आवाज येत नाही, पिन थोडी फिरवून धरली की येतो, हात सोडला की गेला. चार्जिंग आधी दिवसभर पुरायचं, आता तासाभरात संपतं.

एका दुकानात दाखवला तर त्यांनी उघडूनही न बघता सांगितलं की याचे पार्ट येत नाहीत, टाकून द्या आणि नवीन घ्या. नवीन घ्यायला ना नाही, पण यात आईचा आवाज आहे. याला माइक आहे आणि आई काम करता करता गुणगुणायची तेव्हा मी तिच्या नकळत रेकॉर्ड करून ठेवायचे, अशा सतरा फाइल्स आहेत. आई आता नाही. कॉपी दुसरीकडे कुठेच नाही, जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा त्यातली गेली. दुरुस्तीवर खर्च करण्यात अर्थ आहे का, की नवीनच घेऊ? कृपया अनुभव सांगा.

निवांत:
मोबाइल असताना वेगळा प्लेअर कशाला? सगळं ऑनलाइन ऐकता येतं की.

सांजसूर:
@निवांत, ऐकताना मधेच फोन, मेसेज नको असतात मला. आणि माझी बरीचशी गाणी जुन्या कॅसेटवरून स्वतः उतरवलेली आहेत, ती ऑनलाइन नाहीतच.

खटपट्या:
ताई, आधी एक करा, तो प्लेअर आता चालू करू नका आणि चार्जिंगलाही लावू नका. जुना की नवीन हे नंतर बघू, आधी त्या सतरा फाइल्स बाहेर यायला हव्यात.

आता बिघाडाचं. हे हार्ड डिस्कवाले प्लेअर डिस्क सतत फिरवत ठेवत नाहीत. पुढची काही गाणी एकदम मेमरीत ओढून घेतात, डिस्क थांबते, मेमरी रिकामी होत आली की परत फिरायला लागते. आणि थांबलेली डिस्क फिरायला लागते त्या क्षणी सगळ्यात जास्त करंट लागतो. लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असताना ४.२ व्होल्टच्या आसपास असते, चांगली असेल तर तो झटका सहज सोसते, पण साधारण ३०० ते ५०० वेळा भरून रिकामी झाली की तिची ताकद उतरायला लागते आणि तुमची तर त्याच्या कितीतरी पुढे गेली असणार. म्हातारी बॅटरी त्या क्षणाला एकदम खाली बसते आणि प्लेअर रिस्टार्ट होतो. लोकांना वाटतं डिस्क गेली, दुकानदारही तेच सांगतात, आणि पुष्कळदा डिस्क ठणठणीत असते.

म्हणून तीन गोष्टी सांगा. बंद पडायचा तो साधारण ठरावीक अंतराने का? त्या वेळी कानाशी धरलात तर आतून हलकी घरघर यायची, की टक-टक-टक असं एकसारखं? आणि आत्ता तो बंदच ठेवून सपाट टेबलावर पाठीवर ठेवा, एका कोपऱ्यावर बोट दाबा, डुलतो का बघा.

सांजसूर:
अंतराचं खरं आहे, साधारण दर पाच-सहा गाण्यांनंतर व्हायचं, मी कधी असा विचारच केला नव्हता. आवाज घरघरीचाच, टकटक नाही. आणि हो, डुलतोय. पाठीचा पत्रा मधोमध फुगलाय, कडेला एका बाजूने फट पडलीये, नख जाईल एवढी. स्क्रीनवर खाली एक फिकट गोल डाग दिसायला लागला होता तोही त्यामुळेच असेल का?

खटपट्या:
हो, बॅटरी फुगून स्क्रीनला आतून दाबतेय. टकटक नाही हे फार बरं झालं, टकटक म्हणजे डिस्कच्या हेडला जागा सापडत नसते आणि तेव्हा दर वेळी चालू केल्याने नुकसान वाढतं.

फुगलेली बॅटरी म्हणजे घाबरून जायचं नाही पण हलक्यातही घ्यायचं नाही. चार्ज करायची नाही, दाबून पत्रा बसवायचा प्रयत्न करायचा नाही, टोचायची तर नाहीच, आत गॅस असतो आणि पेट घेऊ शकते. उशीखाली, उन्हात, गाडीत ठेवू नका. काढल्यावर कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

फाइल्ससाठी यूएसबी लावून कॉपी करू नका, यूएसबी लावली की चार्जिंग सुरू होतं. मोबाइल दुरुस्त करणारा एखादा शांत डोक्याचा माणूस शोधा आणि त्याला सांगा की आधी बॅटरी सुटी करा, मग डिस्क बाहेर काढा. ती १.८ इंची डिस्क असते, काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी, आणि बहुतेक मॉडेलमध्ये पातळ रिबन केबलने जोडलेली असते. त्या केबलला खटका असतो, नखाने उचलायचा आणि मग केबल अलगद सरकवायची. इथेच घाई करून लोक केबल फाडतात. डिस्क यूएसबीला जोडायचा छोटा ॲडॅप्टर मिळतो, तो लावला की डिस्क कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हसारखी उघडते. आधी आईच्या फाइल्स, मग बाकीचं. कॉम्प्युटरने 'फॉरमॅट करू का' विचारलं तर नाही म्हणा. वाचताना अडकली तर परत परत कॉपी-पेस्ट करत बसू नका, डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो आधी नीट वाचता येणारा भाग काढून घेतो आणि खराब जागांकडे नंतर वळतो. आणि कुणी डिस्क फ्रीझरमध्ये ठेवा म्हटलं तर ऐकू नका, आत दव धरतं.

टेपवेडा:
खटपट्यांशी फाइल्सच्या बाबतीत शंभर टक्के सहमत. पण रोजच्या वापरासाठी म्हणाल तर नवीन घ्या असंच सांगेन. माझा असाच एक प्लेअर होता, आधी बॅटरी बदलली, वर्षभराने डिस्क गेली, ती बदलली, मग बटणं दाद देईनात म्हणून तिसऱ्यांदा उघडला तेव्हा आतली रिबन केबलच फाटली. प्रत्येक वेळी वाटायचं की आता एवढंच राहिलंय, हे झालं की झालं. तीन दुरुस्त्यांचे पैसे धरले असते तर चांगला नवीन आला असता. जुन्या वस्तूत जीव अडकतो, मला कळतं ते, पण सतरा-अठरा वर्षांच्या यंत्रात एक भाग नवा बसवला म्हणून बाकीचे भाग तरुण होत नाहीत.

खटपट्या:
@टेपवेडा, तुमचा मुद्दा खरा आहे, पण कुठला भाग गेलाय त्यावर ते ठरतं. बॅटरी आणि हेडफोनचा जॅक हे झिजणारेच भाग, सायकलच्या ब्रेकसारखे. त्यासाठी अख्खं यंत्र टाकणं मला पटत नाही. डिस्कचं म्हणाल तर तसलीच फिरणारी जुनी डिस्क परत बसवू नये, तीही तेवढीच म्हातारी असते. त्या जागी मेमरी कार्डाचा ॲडॅप्टर बसवावा, म्हणजे फिरणारं काही उरत नाही, वजन कमी होतं आणि बॅटरीही जास्त वेळ पुरते. फक्त आपलं मॉडेल कार्ड स्वीकारतं का आणि किती जीबीपर्यंत, हे आधी बघायचं. पण मदरबोर्ड गेला असेल किंवा पाणी जाऊन आत हिरवी बुरशीसारखी पुटं चढली असतील तर मीही थांबा म्हणेन.

ताई, जॅकचं एक राहिलं. जॅक बदलण्याआधी, फुगलेली बॅटरी निघाली की त्या दुरुस्तीवाल्याकडेच दुसरा इअरफोन लावून बघा, शक्यतो बिनमाइकचा, पिनवर दोन काळ्या रेघा असलेला. माइकवाल्या पिनवर तीन रेघा असतात आणि जुन्या जॅकमध्ये त्या कधी कधी नीट बसत नाहीत. मग जॅकच्या भोकात टॉर्च मारा. खिशातला धागा-धूळ तळाशी दाबून बसते आणि पिन पूर्ण आतच जात नाही. लाकडी टूथपिकने हलकेच काढायचं, धातूची सुई नको.

रानवारा:
नवीन घ्यायचाच झाला तर माझे दोन शब्द. नावाजलेल्या कंपन्यांचे पर्याय आता कमी झालेत, ॲपलनेसुद्धा २०२२ मध्ये शेवटचा आयपॉड बंद केला. तरी प्लेअर मिळतात. तुमच्या वापराला कार्डचा स्लॉट असलेला, खरी बटणं असलेला आणि फोल्डर सरळ ड्रॅग करून टाकता येणारा बघा, खिशातल्या खिशात गाणं बदलता आलं पाहिजे. ॲपवाले मोठ्या स्क्रीनचे दिसतात छान पण चालू व्हायलाच वेळ घेतात आणि बॅटरी खातात. कार्ड फार स्वस्तात मोठं मिळत असेल तर सावध राहा, खोट्या कार्डवर २५६ जीबी लिहिलेलं असतं आणि आत ८ पण नसतात, भरत जाल तशी गाणी गायब होतात आणि कळतही नाही. घेतल्या घेतल्या एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ या कार्ड तपासायच्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. आणि कॅसेटवरून उतरवलेलं असेल तर ते एकाच ठिकाणी ठेवू नका हो, एवढी मेहनत परत होत नाही.

सांजसूर:
आठवड्याने लिहितेय, सगळ्यांची वाट बघायला लावल्याबद्दल माफ करा.

एक मोबाइल दुरुस्तीवाले भेटले, त्यांनी मला शेजारी बसू दिलं. पत्रा निघाला तेव्हा बॅटरी उशीसारखी फुगलेली होती, डिस्कवर टेकलेली. त्यांनी प्लास्टिकच्या पट्टीने चिकटवलेली बाजू हळूहळू सोडवली, मध्ये दोनदा थांबले, हात पुसले. डिस्क ॲडॅप्टरला लावली, घरघर ऐकू आली आणि स्क्रीनवर फोल्डर उघडला. सतराच्या सतरा फाइल्स आल्या, फक्त एकीची शेवटची चाळीसेक सेकंद वाचता आली नाहीत, ती डीडीरेस्क्यूने काढायचा प्रयत्न चालू आहे. आता तीन ठिकाणी ठेवल्यात, एक भावाकडे. गाणीही सगळी आली.

जॅकमध्ये खरंच धाग्याची एक छोटी गोळी निघाली! तरी उजवा कान अधूनमधून जातोच, त्यांच्या मते सोल्डर सुटलंय. बॅटरी मागवलीये, त्याच वेळी सोल्डरही करून देणार आहेत. डिस्क चालतेय म्हणून आत्ता तीच ठेवतेय, ती गेली की कार्ड बसवेन. @टेपवेडा, तिसऱ्यांदा उघडायची वेळ आली तर तुमचं ऐकेन, शब्द देते.

खटपट्या:
फार बरं वाटलं वाचून. त्या चाळीस सेकंदांसाठी डिस्क तापू देऊ नका, मध्ये मध्ये थांबवून गार होऊ द्या आणि डीडीरेस्क्यूची मॅप फाइल जपून ठेवा, ती असली की जिथे थांबलात तिथूनच पुढे सुरू होतं.