स्टेपनी आहे, पण नट सुटतोय का?

वर कुणीतरी लिहिलंय, हल्ली पावलोपावली पंक्चरवाला असतो, गाडीत हत्यारांचं ओझं कशाला? हायवेला खरंय. पण साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढा, कास ओलांडून बामणोलीकडे उतरायला लागा, मग सांगा.

गेल्या पावसाळ्यात तिथंच आमचं मागचं चाक बसलं. जॅक होता, स्टेपनी होती, पण नट हलेना! टायरवाल्यानं हवेच्या गननं आवळलेले. शेवटी पान्ह्यावर पाय देऊन उभा राहिलो, तेव्हा कुठं कर्रर्र करून पहिला सुटला. त्यात जॅक चिखलात रुतत चाललेला. तेव्हापासून डिकीत दोन फुटी लोखंडी पाइप (पान्ह्याच्या दांड्यात घालायला) आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी असतेच. नट मात्र चाक जमिनीवर असतानाच ढिले करा, उचलल्यावर चाक नुसतं फिरतं.

ट्यूबलेस टायरचं पंक्चर काढायचं किट घेतलं असेल तर वर्षातून एकदा उघडून बघा. सोल्यूशनची ट्यूब न वापरताही वाळते. आणि बुलेटवाल्यांनो, क्लचची नवी केबल जुनीच्या बाजूनं आधीच ओवून ठेवा, जुनी तुटली तर पावसात टाकी उचलायची वेळ येत नाही.

स्टेपनीतली हवा शेवटची कधी बघितली होती, तेवढं लिहा बरं खाली!