रक्तदाब ‘प्रोसिजर’मध्ये नको

रक्तदाब मोजणे हीदेखील कृतीच आहे, तेव्हा रुग्णाच्या संगणकीय नोंदीत ती शस्त्रक्रियेप्रमाणे ‘प्रोसिजर’ (रुग्णावर केलेली कृती) म्हणूनच नोंदवावी, हा विचार तर्काला धरून असला तरी व्यवहारात अडचणीचा ठरेल. बीड-लातूरकडच्या ग्रामीण रुग्णालयात सिस्टर केसपेपरवर ‘150/90, डावा हात, बसून’ असे लिहितात, आणि डॉक्टरांना पुढच्या खेपेस हवा असतो तो आकडा. मोजण्याची कृती झाली हे त्यातच आले. एफएचआयआर या, आरोग्यनोंदींची संगणकांमध्ये देवाणघेवाण करण्याच्या मानकात म्हणूनच हे ‘ऑब्झर्व्हेशन’मध्ये (मोजलेल्या किंवा दिसलेल्या गोष्टीच्या नोंदीत) जाते: वरचा व खालचा दाब हे एकाच नोंदीचे दोन घटक, आणि हात व पद्धत यांना त्याच नोंदीत जागा. ‘बसून’ कुठे लिहायचे, याचे उत्तर मात्र मला ओपनईएचआर या आरोग्यनोंदींच्या दुसऱ्या मानकाचे अधिक पटते, कारण तिथे मोजतेवेळच्या रुग्णाच्या स्थितीसाठी वेगळा कप्पाच आहे.

खरी गुंतागुंत दुर्बिणीच्या तपासणीत होते. तिथे तपासणी ही ‘प्रोसिजर’, दिसलेला व्रण हे ‘ऑब्झर्व्हेशन’, आणि दुसरी नोंद पहिलीचा भाग म्हणून जोडलेली असावी. रुग्ण जेवून आला म्हणून तपासणी झालीच नाही, तर तेही ‘नॉट-डन’ या स्थितीने, कारणासह नोंदवता येते. आपल्याकडची बरीच सॉफ्टवेअर हे सगळे ‘शेरा’ या एकाच रकान्यात कोंबतात. भारतात स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञांची सांकेतिक सूची विनाशुल्क वापरता येत असताना तरी हे टाळायला हवे.