वनखात्याचा रेडिओ ऐकणारे आम्ही रिकामटेकडे?

रानवेडा (धागाकर्ता)
परवा इथेच एका ताईंनी लिहिलं होतं, "अमेरिकेतल्या नॅशनल पार्क आणि फॉरेस्ट सर्व्हिसचं बोलणं स्कॅनरवर ऐकणं म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीला कान लावणं. सगळं बोलणं एन्क्रिप्ट करा, सांकेतिक कुलपात घाला, म्हणजे हे रिकामटेकडे गप्प बसतील." तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

तर तो रिकामटेकडा मी. गेली ११ वर्षं स्कॅनरवर, म्हणजे दुसऱ्यांचं रेडिओवरचं बोलणं नुसतं ऐकवणाऱ्या यंत्रावर, १६२ ते १७४ मेगाहर्ट्झमध्ये (या खात्यांचं बोलणं तिथे चालतं) कान घालून बसलोय. बहुतेक वेळा काय ऐकू येतं? कुठल्या कॅम्पग्राउंडचं शौचालय तुंबलंय, कुणाच्या गाडीची किल्ली आत राहिलीय. पण उन्हाळ्यात विजा पडून गेल्या की टेहळणी मनोऱ्यावरची बाई बोलते: "अझिमथ २१२, पांढरा धूर, बारीक, पूर्वेकडे झुकतोय." अझिमथ म्हणजे उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन. तिच्यासमोर ऑस्बोर्न फायर फाइंडर, म्हणजे अंशांचं कडं असलेला गोल नकाशा. जरा वेळाने दुसरा मनोरा त्याच धुराचा आपला कोन देतो. मी घरी नकाशावर दोन पट्ट्या टाकतो. छेदतील तिथे आग.

तीन वर्षांपूर्वी ओरेगनमध्ये तंबू ठोकून होतो. नियंत्रण कक्षातली डिस्पॅचर खालचा रस्ता बंद करायच्या गोष्टी बोलायला लागली, तसा गाशा गुंडाळला. फोनवरची सूचना गावात पोचल्यावर आली, कारण वर सिग्नलच नव्हता.

आणि एन्क्रिप्शन म्हणे! मोठ्या वणव्यावर निरनिराळ्या राज्यांची, खात्यांची माणसं येतात, वर कंत्राटदारांचे टँकर. एकाच्या सेटमध्ये त्या कुलपाची सांकेतिक किल्ली चुकीची भरली गेली की तो बहिरा. विमानांची आणीबाणीची १६८.६२५, ती एअर गार्ड, उघडी ठेवलीय ती काय आमच्या करमणुकीसाठी?

स्पष्टवक्ती
भिंतीचं वाक्य माझं. मागे घेणार नाही.

माझी नणंद एका पार्कात हंगामी रेंजर होती. एक मुलगा दोन दिवस बेपत्ता. आईवडील पायवाटेच्या तोंडाशी गाडीत बसून. तिसऱ्या दिवशी शोधपथकाने वायरलेसवर सांगितलं, सापडला, घाई नको. एवढंच. ज्याला कळायचं त्याला कळतं. नणंदेला त्या गाडीपर्यंत चालत जायला चार मिनिटं लागली. तेवढ्यात मुलाच्या मामाचा फोन येऊन गेला होता. कुणीतरी स्कॅनर इंटरनेटवर सोडून ठेवला होता, मामा घरबसल्या ऐकत होता. नणंद काच वाजवायला गेली तेव्हा आई आधीच ओरडत होती.

तुमच्या दोन पट्ट्या मला सांगू नका.

खुसपट
वाईट झालं. पण ताई, ती चूक ऐकणाऱ्याची की इंटरनेटवर सोडणाऱ्याची? अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्याने कुणालाही उघडं ऐकू येणारं सार्वजनिक सुरक्षेचं बोलणं ऐकायला मुभा आहे. फक्त काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवण्यावर बंधनं आहेत, इंडियाना, केंटकी वगैरे.

हॅमवाला_७३
आमच्यासारख्या परवानाधारक हॅमना, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना, त्यातही बऱ्याच ठिकाणी सूट आहे. परीक्षा देऊन आलोय, खेळणी विकत घेऊन नाही. खरा त्रास या स्वस्तातल्या डोंगलवाल्यांचा, संगणकाला चिमुकला रिसीव्हर खोचून ऐकणाऱ्यांचा. टोन म्हणजे काय ठाऊक नाही आणि वनखात्यावर पीएचडी!

खुसपट
परवानाधारक म्हणे! आयडाहोतला जॉन्सन वणवा आठवतोय का, जुलै २०२१? त्या गड्याकडेही हॅमचा परवाना होता. विझवणाऱ्यांच्या फ्रिक्वेन्सीवर बोलून हा त्यांना सूचना देतोय! शेवटी आगीवरचा अधिकारी काम सोडून त्याला गप्प बसवायला गाडी काढून गेला. एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार आयोगाने, ३४,००० डॉलरचा दंड लावायला घेतला. बिचाऱ्या डोंगलवाल्याच्या यंत्राला बोलायचं बटणच नसतं, तेव्हा हा पराक्रम त्याच्या हातून होणे नाही.

हॅमवाला_७३
एका माणसावरून सगळ्या हॅमना झोडपायचं! जीव धोक्यात असेल तर कुठलीही फ्रिक्वेन्सी वापरता येते, नियमच आहे.

खुसपट
कुणाचा जीव? धोक्यात ते होते आणि सल्ला हा देत होता. तुमच्या क्लबातल्या निम्म्या लोकांनी "जीव धोक्यात" हा नियम पाठ केलाय तो त्या बटणासाठीच.

हॅमवाला_७३
वादळात आठवडाभर वीज नव्हती, तेव्हा निरोप पोचवत होतो आम्ही. तुम्ही तेव्हा काय पोचवलंत?

खुसपट
माझी पोकळ टीका. असो.

कातळ
हॅमपुराण आवरा आता. प्राण्यांचं कुणी बोलेल का? त्यांच्या गळ्यात अभ्यासासाठी बांधलेल्या कॉलरचे सिग्नलही रेडिओच आहेत. कॅनडात बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात लोकांच्या व्हीएचएफ रिसीव्हरवर बंदी आणावी लागली, कारण फोटोवाले कॉलरचे सिग्नल पकडून जनावरांच्या मागे लागायचे. आपल्याकडे २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या वाघाच्या कॉलरची माहिती ज्या ईमेलवर येत होती, ते उघडायचा प्रयत्न झाला, आणि कुठून? पुण्यातून!

स्पष्टवक्ती
घ्या. आता बोला, रानवेडा.

रानवेडा
बोलतो की. पुण्यातला प्रयत्न फसला आणि तो ईमेलचा होता, वॉकीटॉकीचा नाही. बॅन्फचं मान्य, कॉलरच्या मागे लागणं हलकटपणाच आहे.

पण १९९४ चा कोलोरॅडोतला साउथ कॅनियन वणवा घ्या. १४ जण गेले. थंड हवेची आघाडी (कोल्ड फ्रंट) जोराचा वारा घेऊन येतेय हा हवामानाचा इशारा डोंगरावरच्या माणसांपर्यंत पोचलाच नव्हता. अजून कुलपं लावायची?

स्पष्टवक्ती
तो इशारा त्यांना मिळायला हवा होता. तुम्हाला नव्हे. घरी बसून तुम्ही त्या १४ जणांना काय सांगणार होतात? की तुम्हीही बटण दाबणार होतात?

रानवेडा
बरं. हे उदाहरण माझ्या बाजूचं नाही, मानतो. झालं समाधान?

आणखी एक सांगतो, मग हवं तेवढं हसा. मागच्या वर्षी रेंजर रेडिओवर बोलले, अमुक वळणावर अस्वलीण दोन पिल्लं घेऊन उतरलीय, गर्दी होऊ देऊ नका. मी शहाण्याने ते आमच्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळी तिथे गेलो तर २० गाड्या. एक पिल्लू रस्त्याच्या अलीकडे, आई पलीकडे, मधे ट्रायपॉड. त्यातल्या तिघांना मी नावाने ओळखत होतो. तेव्हापासून ऐकलेलं कुणाला सांगत नाही. आणि माझाही स्कॅनर चार वर्षं इंटरनेटवर चालू होता. काल रात्री बंद केला. ताईंमुळे नाही. यंत्र तसंही फार गरम व्हायचं.

स्पष्टवक्ती
हो, गरम व्हायचं. कळलं.

नवखा
छान चर्चा. त्या मनोऱ्याची फ्रिक्वेन्सी आणि अस्वलिणीचं वळण कुणी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करेल का?

कातळ
नाही.

हॅमवाला_७३
आधी परीक्षा द्या.