थायरॉइडची गोळी वाढवूनही टीएसएच खाली येत नाही?

थायरॉक्सिनच्या (थायरॉइड हार्मोनच्या) गोळीचा डोस बदलल्यावर दोन आठवड्यांतच टीएसएच (हे हार्मोन कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा) बघून परत डोस वाढवायचा, असं या चर्चेत कुणीतरी सुचवलंय, ते पटत नाही. थायरॉक्सिनचं अर्धआयुष्य (शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण 7 दिवसांचं, आणि टीएसएच त्याच्याही मागून रेंगाळत येतो. 6 ते 8 आठवडे थांबल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. रक्त सकाळी, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी द्यावं, नाहीतर फ्री टी4 (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) उगाच चढा दिसतो.

इथे कुणी कॅल्शियमचा विषय काढलेला दिसत नाही. ऑपरेशनने पूर्ण थायरॉइड ग्रंथी काढल्यावर बऱ्याच जणांना कॅल्शियमही चालू असतं. दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या की कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतं, ते नीट शोषलं जात नाही, टीएसएच वाढतो आणि डोस चढवला जातो. पुढे कॅल्शियम बंद झालं की तोच डोस जास्त पडतो: धडधड, हात थरथरणं, झोप उडणं. म्हणून दोन्हींत 4 तासांचं अंतर हवंच (लोहाच्या गोळीलाही हेच लागू). केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेत असाल तर तपासणीआधी निदान 2 दिवस बंद ठेवा, काही लॅबच्या पद्धतीत त्याने टीएसएच खोटा कमी येतो. आणि ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येणं हे थायरॉइडचं नव्हे, कॅल्शियम उतरल्याचं लक्षण. तेव्हा कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) आणि मॅग्नेशियम त्याच दिवशी बघायचं. मॅग्नेशियम कमी असेल तर नुसतं कॅल्शियम देऊन भागत नाही. हातापायांत पेटके आले तर रिपोर्टची वाटही बघू नका, थेट इमर्जन्सी गाठा.