सनरूम बाराही महिने वापरायचीये, एसी केवढा घेऊ? हीटर वेगळा लागेल का?

ऊनसावली:
नमस्कार मंडळी, घराच्या मागे सनरूम आहे, ४ बाय ३ मीटर, तीन बाजूंना साधी सिंगल काच, मोठी बाजू नेमकी पश्चिमेला. थंडीत सकाळी आत बसवत नाही आणि उन्हाळ्यात चारनंतर नुसती भट्टी. आईला उजेडात बसायला फार आवडतं, ही खोली कायमची तिलाच द्यायचीये म्हणून विचारतोय. घरातल्या सेंट्रल एसीचा डक्ट तिकडे वाढवू की वेगळं मशीन घेऊ? किती टन?

खिडकीपाशी:
टनाचं नंतर बघू, आधी ऊन अडवा. कलत्या उन्हात पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला ६०० वॅट सहज पडतात, साधी काच त्यातले ८० टक्के तरी आत सोडते. तुमची तिकडची काच ८ चौ.मी. धरली तर ३८०० वॅटच्या वर झालं, आणि १ टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, म्हणजे एक टनाचा एसी फक्त त्या एका भिंतीच्या उन्हाशी झगडत बसणार, बाकी खोली तशीच गरम. बाहेरून चिक किंवा रोलर शेड लावा. आतला पडदा लावून फार फरक पडत नाही कारण ऊन काचेतून आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. हे मी स्वतः दोन उन्हाळे आतले पडदे बदलत बसल्यावर शिकलोय.

गारवा_हवा:
डक्ट वाढवू नका प्लीज!! आमच्याकडे तेच केलं होतं. थर्मोस्टॅट हॉलमध्ये, हॉल गार झाला की सिस्टीम बंद, आणि सनरूम तापलेलीच. थंडीत रात्री याच्या उलट. काचेच्या खोलीचं तापमान घराच्या तालावर चालतच नाही, तिला स्वतःचा थर्मोस्टॅट हवा आणि मधे नीट बंद होणारं दार हवं. इन्व्हर्टर स्प्लिट घ्या, पण हीट पंपवाला, म्हणजे थंडीत तोच गरम करतो. साधा हीटर १ युनिट विजेत १ युनिटच उष्णता देतो, हीट पंप फार कडाका नसेल तर तेवढ्याच विजेत तिप्पट देऊ शकतो. बाहेर गोठायला लागलं की हे प्रमाण घसरतं, तेव्हा तुमच्याकडे किती थंडी पडते ते बघून मॉडेल निवडा.

ऊनसावली:
डक्ट रद्द. बाहेरच्या शेडचंही पटलं. पण थंडीत तर शेड गुंडाळूनच ठेवणार ना, मग काचेचं काय? फिल्म लावली तर चालेल का?

खिडकीपाशी:
थंडीत दिवसा गुंडाळायचीच, ते ऊन फुकटचं हीटर आहे. फिल्मने थंडी अडत नाही फारशी. बाहेर-आत २० अंशांचा फरक असेल तर १० चौ.मी. सिंगल काचेतून ११०० वॅटच्या वर उष्णता निघून जाते, साध्या डबल काचेतून साधारण निम्मी, आणि लो-ई कोटिंग (उष्णता परत फिरवणारा पातळ लेप) व मधे आर्गॉन वायू भरलेली डबल काच असेल तर अडीचशेच्या आसपास. सगळी बदलणं जमणार नसेल तर आईची खुर्ची जिथे असेल तिकडची आधी बदला, कारण हवा २२ अंश असली तरी शेजारची काच गार असेल तर अंगाला थंडी वाजतेच, आणि गुडघेदुखी असेल त्यांना तर ते पटकन जाणवतं. आणि पुढे डबल काच बसवल्यावर गडद फिल्म चिकटवण्याआधी काचवाल्याला विचारा, काच असमान तापून तडकू शकते.

मातीकुंडी:
एक राहिलं, झाडं ठेवणार असाल तर दमट हवा सिंगल काचेवर पाणी होऊन खाली चौकटीत साचते. २० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला सुद्धा काच ९ अंशांच्या खाली गेली की घाम सुटतो. आमची लाकडी चौकट अशीच कुजली. रोज थोडा वेळ हवा खेळू द्या.

ऊनसावली:
खूप आभार सगळ्यांचे. आधी पश्चिमेची शेड, मग आईच्या बाजूची काच, टन त्यानंतर मोजतो. कुंड्या दोनच ठेवेन, त्या मात्र तिला हव्याच आहेत.