मदत हवी आहे: मॉडेलर मोठ्या आवाजात कर्कश का होतो?

मंडळी, माझ्याकडे गिटारचा 22 वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प आहे, दोन 6व्ही6 पॉवर ट्यूब आणि 12 इंची स्पीकरवाला. तो तापल्यावर गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली घेतला की क्रंच (हलका फाटका आवाज) विरून टोन स्वच्छ होतो, तार जोरात छेडली की परत फाटतो. यासाठीच तर जीव अडकलाय! पण तिथवर पोचायला आवाज इतका वाढवावा लागतो की घरात वाजवणं अशक्य.

म्हणून मॉडेलर, म्हणजे अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणारं यंत्र, घेतला. हेडफोनवर सुरेख वाटतं. तोच प्रीसेट (साठवलेली सेटिंग) बँडबरोबर एफआरएफआर (सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच देणाऱ्या) स्पीकरवर लावला की वर कर्कश, खाली गढूळ. 80 हर्ट्‌झच्या खालचं आणि 6 किलोहर्ट्‌झच्या वरचं कापलं, बराच फरक पडला. तरी आयआरमध्ये (कॅबच्या, म्हणजे स्पीकरच्या पेटीच्या, आवाजाच्या डिजिटल ठशात) माइकसमोरच्या कॅबचा आवाज असतो, खोलीत घुमणाऱ्या कॅबचा नाही, हे जाणवतंच.

कॅब सिम्युलेशन (मॉडेलरमधली कॅबची नक्कल) बंद करून सॉलिड स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवाला) पॉवर अ‍ॅम्प आणि खऱ्या गिटार कॅबमधून कोणी वाजवतं का? तेव्हा मॉडेलमधला पॉवर अ‍ॅम्पचा भाग चालू ठेवता की बंद? की घरासाठी ट्यूब अ‍ॅम्पलाच रिअ‍ॅक्टिव्ह लोड बॉक्स (स्पीकरऐवजी जोडायची, अ‍ॅम्पची पॉवर शोषून घेणारी पेटी) लावणं बरं? अ‍ॅम्प विकणार नाही, एवढं नक्की.