अल्ट्रा (मॅरेथॉनच्या ४२ किमीपेक्षा लांब शर्यत) धावलेल्यांनो, या आणि लिहा (अनुभव धागा)

नेरुळची_मावशी
परवा सोमवारी नेरुळ स्टेशनच्या जिन्यावर एक मुलगा कठडा धरून उलटा उतरत होता. तोंड वर, पाठ फलाटाकडे. लोक बघून हसत होते. मला मात्र बघताक्षणी कळलं, हा काल कुठेतरी पन्नासेक किमी धावून आलाय. विचारलं तर खरंच! गाडी आली आणि बोलणं राहिलं, पण दिवसभर डोक्यात कॉम्रेड्स.

दक्षिण आफ्रिकेतली ही शर्यत १९२१ पासूनची. डर्बन आणि पीटरमारित्झबर्गच्या मधली, ९० किमीच्या आसपास. बहुतेक एक वर्ष चढाची, एक वर्ष उताराची. मी उताराची धावले. डर्बन समुद्राकाठी, म्हणजे खालीच जायचंय, असं सगळे म्हणत होते. निम्म्यानंतर मांड्या इतक्या भरल्या की मध्ये चढ आला की बरं वाटायचं, चालायला निमित्त मिळायचं. आमचा सराव पामबीच रोडवर, तिथे चढ म्हणजे उड्डाणपूल. म्हणून पारसिक हिलवर जायचो, खास उतरण्यासाठी.

मुदत बारा तास. संपते बंदुकीच्या बारावर. बार काढणारा धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा असतो, चेहरे बघून हात अडायला नको म्हणून असेल. एक पाऊल बाहेर राहिलं तरी पदक नाही. मी आत होते, फार आधी नव्हे. शेवटचा बार प्रेक्षकांत बसून ऐकला. त्याबद्दल लिहीत नाही, अजून घशाशी येतं.

४२ च्या पुढे गेलेल्यांनी लिहा. वेळ-बिळ नको, झालं काय ते सांगा.

तलावपाळीची_लेक
रुमाल टाकून ठेवते. डबे भरून झाले की येते.

येऊरपंखा
उलटं उतरण्याला +१००. जिन्याचं तरी लोकांना दिसतं. दुसऱ्या दिवशी भारतीय पद्धतीच्या संडासात काय होतं त्यावर वेगळा धागा काढा.
आमचा सराव उपवन ते येऊर गाव, वर-खाली, वर-खाली. सगळे बिबट्याचं विचारतात. बिबट्या कधी दिसला नाही. माकडांनी मात्र खजुराची पिशवी कमरेवरून सोडवून नेली, आणि झाडावर बसून माझ्यासमोर खाल्ली.

गाडीतली_बायको
मी धावत नाही, नवरा धावतो. पण लिहिणार, कारण उकडलेले बटाटे मीच उकडते.
लोणावळ्याची शर्यत अंधारात सुरू होते. मी, सासूबाई आणि पिशवी: बटाटे, मीठ, संत्री, कोरडे मोजे, व्हॅसलीन. तिसाच्या पुढे कुठेतरी हे आले आणि म्हणाले, बास, मी सोडतोय. म्हटलं सोडा, पण मागच्या सीटवर आई जाग्या आहेत, त्यांना तुम्हीच सांगा. यांनी काचेतून आत बघितलं, दोन बटाटे उचलले आणि गेले.

तलावपाळीची_लेक
@गाडीतली_बायको मेले हसून! बटाटे सालीसकट की सोलून??

गाडीतली_बायको
सोलून. छोटे घ्यायचे, एका घासात जाणारे. मिठात घोळवून. पुढे पुढे गोड काही घशाखाली उतरत नाही, एनर्जी जेल दिलं तर माझ्याच अंगावर खेकसतात.

स्टेथो_आणि_शूज
मेडिकल तंबूत बसणारा माणूस. कामाचं सांगतो, रागावू नका. पाणी कमी पडलेले येतात तसे जास्त प्यायलेलेही येतात. तासन् तास नुसतं साधं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजून अंगठी घट्ट, मग माणूस असंबद्ध बोलायला लागतो. त्याला आणखी पाणी पाजू नका! तहानेप्रमाणे प्या, खारट खात रहा.
दुसरं, धावताना आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या नकोत, अंगात पाणी कमी असताना किडनीला महाग पडतात. लघवी कोलाच्या रंगाची झाली तर घरी जाऊन झोपायचं नाही, सरळ हॉस्पिटल.
आणि मावशी, उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक मारत असतो, म्हणून चढापेक्षा जास्त फाटतो. जिना उतरतानाही तेच काम.

खारघरचा_बाबू
अवांतर: पीटरमारित्झबर्ग म्हणजे गांधीजींना गाडीतून उतरवलं तेच ना?

नेरुळची_मावशी
तेच. १८९३. आदल्या दिवशी स्टेशन बघून आले. तिथेही जिना होता का ते आता आठवत नाही :)

कोपरखैरणेचा_भटक्या
सिंहगड-राजगड-तोरणा. डांबरी रस्तावाल्यांना कळणार नाही, इथे किलोमीटर मोजत नाहीत, घसारा (सुट्या मातीची निसरडी उतरण) मोजतात. वाटेत एका आजींनी ताक दिलं. विचारलं, पैसं किती मिळत्यात? म्हटलं मिळत नाहीत, आपल्यालाच भरावे लागतात. आजींनी घरात हाक मारली, "आरं भायेर ये, ह्यो बघ काय म्हन्तुया!" पोरगा बाहेर येऊन मला नीट बघून गेला.

९:०८_ठाणे_वाशी
इतकं धावून पोचायचं कुठे पण? मी रोज ठाण्याला पूल चढून ट्रान्स हार्बर पकडतो, मलाही पदक द्या.

येऊरपंखा
@९:०८ तुमच्यासाठीच बॅकयार्ड नावाचा प्रकार आहे. दर तासाला ६.७०६ किमीचा फेरा, पुढच्या तासाच्या ठोक्याला परत रेषेवर हजर. एकच उरेपर्यंत चालू. २४ फेऱ्यांत बरोबर १०० मैल होतात, म्हणून तो विचित्र आकडा. पोचायचं कुठेच नाही. लवकर परत आलात तर उरलेल्या मिनिटांत खा, नाहीतर झोपा.

९:०८_ठाणे_वाशी
म्हणजे माझी नोकरीच की.

सानपाडा_सुमन
१५ ऑगस्टची शिवाजी पार्कची बारा तासांची केलीय. तोच रस्ता परत परत, पाऊस, मोज्यांत पचपच. शेवटी शेवटी चालतच होते, आणि चालणारेच जास्त होते, हे कोणी आधी सांगत नाही. दोन नखं काळी पडून गळाली. पुढच्या आठवड्यात नणंदेचं केळवण. जाऊबाई म्हणाल्या, नेलपेंट लाव. कशाला लावू, नखच नाही!!

तलावपाळीची_लेक
आले. माझं ५० चंच आहे पण ते राहू दे, आधी सुमनताई, बूट कितीचे घेतले होते? नेहमीच्याच मापाचे?

सानपाडा_सुमन
हो ना. पाय सुजतात लांब अंतरात. आता अर्धा नंबर मोठे घेते आणि दुकानात संध्याकाळी जाते, तोवर पाय फुगलेले असतात. बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी.

खारघरचा_बाबू
मग जुने ६ नंबरचे आहेत का? बायकोला सेंट्रल पार्कात चालायला हवेत.

सानपाडा_सुमन
आहेत, तळ झिजलाय पण चालण्यापुरते बरे. सानपाड्याला येऊन न्या. रविवारी सकाळी नको, मी नसते.